सगळ्यांचा मणी ‘शांत’वर

मी शाळेतली एक जुनी लाकडी भावपट्टी आहे, मित्रांनो, मनातले भाव दाखवणारी. आता कपाटात नकाशांच्या मागे धूळ खात पडून असते. पण एके काळी माझा काय रुबाब होता, विचारू नका!

वर्गाच्या बाईंच्या सुतार भावाने उरलेल्या फळीतून मला कापलं, घासलं आणि माझ्यावर चार तोंडं रंगवली. आनंद, शांत, रडू आणि राग. मध्ये तार ताणून तिच्यात एक लाल मणी ओवला. रागाचं तोंड हुबेहूब त्याच्यासारखं झालं, म्हणून बाईंनी त्याला खूप चिडवलं.

रोज सकाळी प्रत्येक मूल मनात जे असेल तिथे मणी सरकवायचं. आपलं मन आपल्याला ओळखता येणं हीसुद्धा हुशारीच, असं बाई सांगायच्या. पण त्यांचं एक चुकलं. मणी ‘शांत’वर गेला की त्या ‘शाबास’ म्हणायच्या. मुलं कसली वस्ताद! आठवडाभरात सगळा वर्ग शांत. डोळे रडून सुजलेले असले, तरी मणी आपला तिथेच. मला मेलीला बोलता कुठे येत होतं!

वर्गात एका मुलीला आवाजामुळे सगळे ‘भोंगा’ म्हणत. हा भोंगा एकाएकी बंद पडला. मणी मात्र रोज ‘शांत’वर. एकदा मधल्या सुट्टीनंतर बाईंनी तिचा तसाच भरलेला डबा पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी स्वतःच मणी ‘राग’वर नेला. “आज घरी भांडून आलेय बाबांनो. डोकं जाम फिरलंय.”

वर्ग अवाक! बाईंनाही राग येतो?

भोंगा हळूच पुढे आली. तिने मणी ‘राग’वरच राहू दिला. “माझे बाबा आज दुपारी लांब चाललेत, कामाला. दोन वर्षं येणार नाहीत. मी त्यांच्याशी बोलतच नाहीये.”

“अगं वेडे, मग बोलणार कधी? शाळेच्या शिपाई मावशींबरोबर घरी जा. हवं तर भांड, पण बोल.”

ती परतली तेव्हा गाल ओले होते. “खूप भांडले,” ती म्हणाली, “आणि मग त्यांच्या गळ्यातच पडले.” तिने मणी ‘रडू’वर नेला. बाईंनी तिला जवळ घेतलं. इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मलापण मणी परत सरकवायचाय.” बघता बघता रांग लागली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी ‘मी बरा आहे’ म्हणत गप्प बसलं असेल, तर त्याच्याजवळ जरा बसा. आणि तुम्हीच कुणाशी अबोला धरला असेल, तर माझी गोष्ट राहू द्या. आधी जाऊन बोला.