माझ्या पोटातला वरवंटा

आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, मी दमलो आहे. मी एक जुना स्किप आहे. स्किप म्हणजे बिनझाकणाची मोठी लोखंडी पेटी. घराचं काम निघालं की इंग्लंडातले लोक मला भाड्याने आणतात, दारासमोर रस्त्यावर ठेवतात आणि राडारोडा भरून परत पाठवतात. भरून घ्यायचं आणि ओतून द्यायचं, यातच सगळा जन्म गेला.

माझा जन्म बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यातला, एक्याऐंशी सालचा. जाड पत्रे जोडून मला घडवलं आणि पिवळाधमक रंग दिला. जोडणाऱ्या कारागिराने पाठीवर थाप मारून म्हटलं, "हा पुष्कळ टिकेल." त्यानंतर बरीच वर्षं माझं कुणी कौतुक केलं नाही. तिथून मी मेडनहेडला, स्किप भाड्याने देणाऱ्यांच्या यार्डात आलो. नवा होतो तेव्हा वाटायचं, लोक विश्वासाने माझ्याकडे काहीतरी सोपवताहेत. लवकरच कळलं, की त्यांना ते फक्त नजरेआड करायचं असतं.

आणि ते शेजारी! भाडं भरणार एक जण, पण सकाळी पाहावं तर माझ्यात चार घरांची अडगळ. तुटकी बाबागाडी, बंद पडलेला टीव्ही, कुबट गादी. आयत्या बिळावर नागोबा! तोंड कायम उघडं असलं म्हणून भूक असते असं थोडंच आहे? पण मला विचारतो कोण!

सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात मोठं वादळ झालं आणि कितीतरी घरांची कौलं उडाली. आमच्या गावात एकच मराठी घर मला माहीत होतं, सुप्रभाआजींचं; त्यांचं छप्पर तेव्हापासून गळत होतं. छप्परवाल्यांना इतकी कामं, की यांची पाळी पुढच्या एप्रिलात आली. नेमकी तेव्हाच त्यांच्या सुनेला, मीनलला, मुलगी झाली. वर ठोकाठोकी, आत बाळाचं रडणं आणि दारात मी. माझं मराठी तिथे कानावर पडलं तेवढंच आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

छप्पर बदलायचं तर आधी माळा रिकामा करावा लागतो. ते काम आजींच्या मुलाने, अजयने केलं. अजय इथेच जन्मला, इथेच वाढला; त्याचं मराठी माझ्याहूनही मोडकं. माळ्यावर त्याला जुन्या चादरीत गुंडाळलेला एक काळा, लांबट दगड सापडला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या तळाशी टाकला. मग त्यावर जुनी कौलं धडाधड पडत राहिली.

तो दगड म्हणजे वरवंटा होता. लग्नानंतर आजी विलायतेला आल्या, तेव्हा पाटा जड म्हणून साताऱ्याला राहिला आणि वरवंटा अंथरुणात गुंडाळून बोटीने आला. इथे तो ठेचण्याकुटण्यापुरता उरला आणि घरात मिक्सर आला तसा माळ्यावर गेला. पण बारशाला त्याच्यावाचून चालत नाही. बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालतात, पाळण्याच्या खालून-वरून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात देतात आणि पाळण्यात निजवतात. बाळाचा मान त्याच्यानंतर.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी मला न्यायला लॉरी आली. त्याच वेळी आजी दारात येऊन म्हणाल्या, "अरे अजय, चादरीतला वरवंटा कुठे ठेवलास?"

"तो दगड? आई, ती मी स्किपमध्ये टाकली. आय थॉट इट वॉज जस्ट अ स्टोन."

आजी तिथेच पायरीवर बसल्या. मीनल बाळाला घेऊन बाहेर आली. "आई, तुम्ही त्रास नका करून घेऊ. रोलिंग पिन घेऊ या ना."

"मग मिक्सरलाच घाल ना कुंची!" आजी कडाडल्या आणि दुसऱ्या क्षणी त्यांचे डोळे भरून आले. "अजय, तुझ्या बारशाला इथे आपलं कुणी नव्हतं रे. पाळण्याच्या पलीकडे उभी राहायला बाई नव्हती, म्हणून वरवंटा तुझ्या बाबांनी हातात घेतला. आता बाबाही नाहीत."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो, तो इथेच आहे, माझ्या पोटात! पण लोखंडाचं कोण ऐकतो? लॉरीवाल्या केनने माझ्या कानांत साखळ्या अडकवल्या. आम्ही जातो त्या खड्ड्यात ओतलेलं परत मिळत नाही.

तेवढ्यात केनने वर पाहिलं आणि हात थांबवला. कौलांवर कुणा शेजाऱ्याची गादी होती. "सॉरी लव्ह," तो आजींना म्हणाला; इथे कुणाही बाईला असंच म्हणतात. "हे काठाच्या वर आलंय. असं रस्त्यावरून नेता येत नाही मला. वरचं काढून ठेवा, मी जेवून येतो." त्याने साखळ्या सोडल्या.

जन्मभर मी ज्या फुकट्यांना शिव्या दिल्या, त्यांच्यातल्या एकाने माझी लाज राखली.

अजय आत उतरला. गादीवाला शेजारी खाली मान घालून आला आणि तोही हातमोजे घालून उतरला. छप्परवाले आले. स्वेटरवर पदर खोचून आजी कौलं झेलायला उभ्या राहिल्या. अगदी तळाशी चादर लागली. वरवंट्याचं एक टोक उडालं होतं.

"आई, थोडी तुटली," अजय कसाबसा म्हणाला.

"असू दे. तोही म्हातारा झालाय," म्हणत आजींनी पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. "उद्या पलीकडून तू घे. तुझे बाबा उभे होते तिथे उभा राहा."

कौलं अर्थात पुन्हा माझ्यातच भरली, माझी कुठली सुटका! केन परत आला तेव्हा आजी आतून कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि माझ्या गंजक्या कडेवर त्यांनी बोट टेकवलं. "व्हॉट्स दॅट फॉर, लव्ह?" केनने विचारलं. आजी म्हणाल्या, "ही केप्ट इट सेफ."

आता नव्वदचं दशकही सरत आलं. माझा तळ गंजून फुटला आहे, आणि यार्डाच्या कोपऱ्यात मी पावसाचं पाणीसुद्धा धरू शकत नाही. मित्रांनो, टाकायचं ते खुशाल टाका, माझ्यासारखे त्यासाठीच असतात. पण माळा आवरताना चादरीत गुंडाळलेलं काही हाती लागलं, तर आधी घरात हाक मारून विचारा. आम्हाला विचारता येत नाही.

आजींच्या त्या दिवसानंतर मला पुष्कळदा रंग दिला गेला. पण डाव्या कडेवर, त्या सगळ्या पिवळ्या थरांच्या खाली, आजींचं बोट अजून आहे.