सहा जणांची बोट

“मिक्सर चालेल का गं बोटीवर?” लीनानं विचारलं आणि चिवड्याचा वाडगा नेमका वुडफर्ड बेटावर ठेवला.

सुचित्रानं वाडगा उचलून खुर्चीवर ठेवला. क्लॅरेन्स नदीचा हा मोठा नकाशा तिनं मुद्दाम छापून आणला होता. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नदी पसरली होती आणि तासाभरात तिच्यातलं एकही बेट कोरडं राहिलं नव्हतं. ग्राफ्टन गावावर सिद्धार्थच्या चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं.

“मिक्सर कशाला?”

“चटणीला. सकाळी इडल्या केल्या तर.”

“लीना, बोट आहे ती. पुढे दोघं कशीबशी आडवी होतील एवढी केबिन, आणि मागे बसायला जागा. संपलं. ओटा नाही, प्लग नाही.”

“आणि टॉयलेट?” लीनाच्या नवऱ्यानं, कुमारनं, फोनमधून डोकं वर न काढता विचारलं. दुपारपासून त्याला नदीबद्दल पडलेला हा एकमेव प्रश्न होता.

“गावोगावच्या जेट्टीवर. मगाशीच सांगितलं.”

“म्हणजे मधे लागली तर?”

सुचित्रा टेबलावरून उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं उगाचच गॅसखालचा डाग पुसला.

मुळात ही ट्रिप तिघींची होती. सुचित्रा, मेधा आणि लीना एकाच वर्षी ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आल्या, एका घरात राहिल्या, एकाच कुकरमधला भात वाटून खाल्ला. पुढे दोघींची लग्नं झाली. सुचित्राचं जमलं नाही, आणि एका वयानंतर तिनं जमवायचंही सोडून दिलं. ऑपरेशनची उपकरणं जिथं निर्जंतुक होतात, त्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या विभागात ती नोकरी करत होती. दिवसभर वाफ, यंत्रांचा घरघराट आणि कात्र्या-चिमट्यांचे ट्रे. तिथून सुटली की ती बहुधा कुणाच्या तरी कामाला लागलेली असे. मेधाच्या दोन्ही बाळंतपणांत ती रात्रंदिवस होती. कुणाचे आईवडील भारतातून आले की ब्रिस्बेनच्या विमानतळावर जायला तीच. मुलांना ताप आला, शाळा बंद असली, की फोन तिलाच. “तू एकटीच आहेस ना, तुला जमेल,” असं वाक्य सुरू व्हायच्या आत ती गाडीची किल्ली शोधायला लागे. हे सगळं तिला आवडतही होतं, खोटं कशाला बोला.

बोट मात्र तिनं कुणालाही न विचारता घेतली. ऑपरेशन थिएटरमधल्या एका नर्सनं एकदा तिला क्रेसब्रुक धरणावर नेलं होतं आणि पाण्याच्या मधोमध म्हणाली होती, घे, चालव. सुचित्रानं स्टिअरिंग धरलं. पुढची वीस-पंचवीस मिनिटं तिला कुणीही काहीही मागितलं नाही. पुढे ती नर्स पर्थला निघाली तेव्हा सुचित्रानं तिची बोट घेतली, लायसन्स काढलं, आणि हिवाळाभर दर रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर मागे घ्यायला शिकली. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, एवढी साधी गोष्ट अंगात मुरायला तिला तीन महिने लागले.

आणि मग तिनं या दोघींना बोलावलं. नाताळच्या सुट्टीत जाऊ, क्लॅरेन्सच्या बेटांमधून हळूहळू खाली समुद्रापर्यंत, आपण तिघीच. दोघी हो म्हणाल्या. आठवड्यानं मेधाच्या नवऱ्याला, सिद्धार्थला, सुट्टी मिळाली. मग मुलांना कुठं ठेवणार? मग कुमार एकटा घरी राहून काय करणार? मग सिद्धार्थची आई डिसेंबरात पुण्याहून येतेच आहे.

ती बाहेर आली तेव्हा सिद्धार्थ पेन्सिल घेऊन तिच्या नकाशावर रेघा मारत होता.

“हे बघ, पहिल्या दिवशी थेट मॅक्लीन. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यांबा. बीच, फिश अँड चिप्स, डन.”

“एवढ्या वेगानं नाही जाता येत. मधे उथळ आहे, भरती बघून निघावं लागतं. आणि बेटं बघायचीच नाहीत का?”

“बेटावर काय आहे पण? ऊसच आहे ना सगळा?”

“सिद्धार्थ, आधी माणसांचं बोलू या,” सुचित्रा म्हणाली. “बोट सहा जणांची आहे. तसं बोटीवर लिहिलंय. आपण आठ होतोय.”

“मुलं कसली धरतेस?”

“मुलंही बुडतात. सहा म्हणजे सहा.”

सिद्धार्थनं मेधाकडे पाहिलं. ही दोघं हे घरी बोलून आलीत, हे सुचित्राला तेव्हा कळलं.

“आम्ही त्याचा विचार केलाय,” मेधा म्हणाली. ती सुचित्राकडे न बघता चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. “आईंना बोट लागते गं, त्या काही बोटीत बसायच्या नाहीत. त्या गाडीतून येतील. आणि कुणीतरी गाडी काठाकाठानं न्यायलाच हवी ना, सामान, जेवण... तू नेशील का? तुझं ड्रायव्हिंग इतकं छान आहे. आईंशी तुझं जमतंही. प्रत्येक जेट्टीवर भेटू की आपण.”

“आणि बोट?”

“मी लायसन्स काढतोय. एका दिवसाचा तर कोर्स आहे. नो वरीज,” सिद्धार्थ म्हणाला. “मुलांना पण मजा येईल, बाबा बोट चालवतोय म्हणून.”

सुचित्रानं मनातल्या मनात मोजलं. मेधा, सिद्धार्थ, दोन मुलं, लीना, कुमार. बरोबर सहा.

“तू काय, कधीही जाऊ शकतेस,” मेधा म्हणाली. “तुला कोण अडवतंय?”

लीनाला बहुधा काहीतरी जाणवलं. ती उगीच कप गोळा करायला लागली. कुमारनंही फोन खाली ठेवला.

“नाही,” सुचित्रा म्हणाली.

“म्हणजे गाडी नको? मग कुमार नेईल गाडी, आपण...”

“म्हणजे बोट देणार नाही मी. मी चालवणार आहे. मी एकटीच जाईन म्हणते.”

आवाज तिनं चढवला नव्हता. तरी लीनानं गोळा केलेले कप तसेच टेबलावर परत ठेवले.

“एका बोटीवरून एवढं?” मेधाचा चेहरा लाल झाला होता. “आमच्या घरात तुला कधी परकं मानलं का गं आम्ही? सांग ना.”

“परकं नाही मानलंत. पण आत्ता सहा जण मोजलेत ना, त्यात मी नव्हते, मेधा. आणि ते तुझ्या लक्षातही आलं नाही.”

मेधा उठली. पर्स उचलून ती गाडीत जाऊन बसली. सिद्धार्थ दारात चपला घालताना म्हणाला, “थंड डोक्यानं विचार कर,” आणि सुचित्राला इतका संताप आला, की ते गेल्यावर तिनं सगळा चिवडा केराच्या डब्यात ओतला. मग तो लीनानं घरून करून आणला होता हे आठवून तिला वाईटही वाटलं.

त्यानंतर ट्रिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी बोललं नाही. लीनानं फोन करून सांगितलं, की ते सगळे गोल्ड कोस्टला अपार्टमेंट घेऊन राहतायत, तू पण ये. मेधाचा फोन आला नाही. तिच्या फोनशिवायचे आठवडे सुचित्राला सवयीचे नव्हते. संध्याकाळी कामावरून आल्यावर ती किल्ली हातात धरून उगाच उभी राहायची.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. वाटेतल्या टेंटरफील्डपर्यंत ती परत फिरायचा विचार करत होती. ग्राफ्टनच्या रॅम्पवर दोनदा ट्रेलर वाकडा गेला. मागे रांगेतला माणूस हॉर्न न वाजवता थांबला, एवढंच. तिसऱ्यांदा बोट पाण्यात उतरली.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, वुडफर्ड बेटाच्या खालच्या अंगाला, ती पाणकावळे बघत राहिली आणि ओहोटीकडे तिचं दुर्लक्ष झालं. बोट वाळूवर चढली. तिनं इंजिन बंद करून वर घेतलं, खाली उतरून ढकललं, शिव्या दिल्या, पुन्हा ढकललं. बोट तसूभर हलली नाही. तासाभरात भोवतालचं पाणी ओसरलं आणि ओली वाळू उघडी पडली, तेव्हा तिनं नांगर वाळूत रोवून ठेवला. लांबून एक म्हातारा छोट्या पत्र्याच्या बोटीतून चालला होता. “यू राइट, लव्ह?” त्यानं ओरडून विचारलं. तिनं ठीक आहे असा हात हलवला. तोही हात हलवून गेला.

ऊन कललं तेव्हा फोन वाजला. मेधाच्या नंबरवरून मेधाची लेक अनुष्का बोलत होती.

“सुची मावशी, आर यू ऑन द बोट?”

“हो गं.”

“ममा सेड यू वेंट विदाउट अस.”

सुचित्रानं फोन दुसऱ्या कानाला लावला. या पोरीला तिनं पहिली आंघोळ घातली होती.

“हो,” ती म्हणाली. “गेले.”

पलीकडे कुजबुज झाली, मग मेधाचा आवाज आला. “कुठे आहेस?”

“वाळूत अडकलेय.”

“काय? कुणाला पाठवू का? सिद्धार्थला सांगते, तो...”

“कुणाला नको पाठवू. भरती येईल, मग निघेन.”

 मेधाच्या मागून कुठल्याशा स्विमिंग पूलचा गलका ऐकू येत होता.

“जेवलीस का?”

“जेवेन आता.”

“बरं,” मेधा म्हणाली. आणि तिनं फोन ठेवला.

सुचित्रा बोटीच्या कडेला पाय सोडून बसली आणि डबा उघडून दहीभात खाऊ लागली. पलीकडच्या काठावर उसाची पाती वाऱ्यानं एका बाजूला वाकली होती. वाळूत तिच्या पावलांचे ठसे होते, बोटीभोवती गोल फिरलेले, एकाच माणसाचे. डबा संपत आला तेव्हा समुद्राकडच्या बाजूनं पाणी सरकत आलं. लांबच्या ठशात ते आधी शिरलं, मग त्याच्या अलीकडच्या. तिनं डबा तिथंच विसळला आणि नांगर वर ओढायला उठली.