चारशे एकसष्ट

तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, त्या सदुसष्ट सालची ही गोष्ट. एका ठेकेदाराने पाम गावाजवळ मजुरांसाठी पत्र्याचा दवाखाना काढला होता. तिथे नागोराव कारकून होता. नांदेडकडचा माणूस, अक्षर मोत्यासारखं आणि मन लोण्यासारखं. देवाने मला शत्रू द्यावा, पण असला मऊ माणूस देऊ नये.

छापील यादीत दर दुखण्याला आकडा होता. रोग्याचं ऐकून नागोराव तो कार्डावर टाकी. ४६१ म्हणजे मूळव्याध. त्याला खिडकीतून मलम मिळे. ७८५ म्हणजे पोटाची तक्रार, कारण ठाऊक नाही. अशाला मंगळवारी डॉक्टरपुढे तपासायला निजावंच लागे.

मजूर दामूची बायको जमना एकदा खिडकीशी आली. जातीची कोळीण, मासळीच्या पाटीपाशी भल्याभल्यांना गप्प करणारी. त्या दिवशी मात्र तोंडाला पदर लावून उभी होती.

"भाऊ, परसाकडंला रगत जातंय. पण डाक्तरापुढं मी नाय निजायची. जीव गेला तरी नाय."

नागोरावाला कळवळा आला. मूळव्याध काय, घरोघरी असते! त्याने ४६१ लिहिलं. जमनाने हात जोडले आणि मलम घेऊन गेली.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलाने आलं. सात महिने जमना मलम नेत होती आणि वाळत होती. "एकदा दाखवा," असं नागोराव म्हणे. ती मान हलवी. आणि हा शहाणा नव्या कार्डावर जुनाच आकडा उतरवी. सात वेळा पेन हातात होतं, सातही वेळा त्याला भीड पडली.

एका मंगळवारी ती खिडकीपाशीच कोसळली. डॉक्टरांनी आत नेऊन तपासलं. बाहेर आले ते कार्ड हातात घेऊनच.

"मूळव्याध कुठली? कॅन्सरची गाठ आहे, हाताला लागते. ७८५ असतं तर पहिल्याच मंगळवारी सापडली असती, मुंबईला धाडली असती. आता सगळ्या पोटात पसरलीय. कुणी टाकला हा आकडा?"

"मी," नागोराव म्हणाला.

"खोडा. कॅन्सरचा १५४ लिहा." डॉक्टर निघून गेले.

त्याने लिहिलं. अक्षर तेवढं सुरेखच आलं. त्याला स्वतःच्या हाताची किळस आली.

चार दिवसांनी जमनाची मुलगी नलू खिडकीशी आली. हातात सुक्या बोंबलांचं पुडकं होतं.

"आईनं दिलंय. ती आता उठत नाय. बोलली, भाऊनं माजी लाज राखली, त्याला चांगले बोंबील निवडून दे."

नागोरावाचा हात पुढे झाला नाही. नलूने पुडकं टेबलावर कार्डांपाशी ठेवलं, आणि आईला पाणी पाजायचंय म्हणून लगबगीने घरी गेली.