रक्त थांबवणारं पाणी

नजर उतरवणाऱ्या ग्रोझदा आजीच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आजीने राडकाच्या लेकीचा, दोनाचा रुमाल बोटांनी चुरगाळून वाडग्यातल्या पाण्यात बुडवला आणि पाणी लालभडक झालं. बायकांनी भराभर छातीवर क्रूस काढले.

"नजर आहे, राडका! सात घरांची काळी नजर!" आजीने कुपीतलं 'तीर्थ' ओतलं. लाली क्षणात नाहीशी झाली. "बघ! असंच पोरीचं रक्तही थांबणार."

राडकाने पंधरवड्यात हे तीनदा पाहिलं होतं. पाणी दरवेळी निवळे. दोनाचं रक्त काही थांबत नव्हतं. तेरा वर्षांची पोर, तिसरीच पाळी. तासाभरात फडकं भिजे. ओठ पांढरेफटक पडले होते.

"आजी, अजून किती दिवस?"

"तुझा विश्वास पातळ, म्हणून तिचं रक्त पातळ!"

तेवढ्यात भिंतीला टेकलेली दोना खाली घसरली. "आई, मला दिसत नाहीये गं..."

दवाखान्यातली नर्स कालिना गर्दी सारत आली. तिने पोरीची बाही वर केली. दंडभर निळे डाग होते.

"हिरड्यांतून रक्त येतं? आणि राडका, तुझ्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं?"

"येतं. मीही मरता मरता वाचले होते."

"मग रक्त गोठण्यातच दोष असणार. चल, गाडी आहे."

"अंगणाबाहेर पाऊल टाकलंस तर पोर मरेल!" आजी किंचाळली.

राडकाने दोनाला मांडीवर घेतलं. आजीचं खरं झालं तर? पण मांडीवरची पोर बर्फासारखी गार होती. तिने दोनाला उचललं आणि अंगणाबाहेर पाऊल टाकलं.

शहरातल्या इस्पितळात दोनाला दोन पिशव्या रक्त चढलं, रक्त गोठवणारं औषध मिळालं. चौथ्या दिवशी तिने सूप मागितलं, तेव्हा कुठे राडका रडली. डॉक्टर म्हणाले, "दोष जन्माचा आहे, पण ताब्यात राहतो. पाळीत या गोळ्या, एरवी लोहाच्या."

रविवारी चर्चबाहेर कालिनाने बायकांसमोर आजीसारखाच वाडगा मांडला. "पाण्यात धुण्याचा सोडा. बोटांना जुलाबाच्या जुन्या गोळीची राकिया दारूत विरघळवलेली पूड. झालं लाल? आता हे तीर्थ. हुंगा!"

"अगं बाई, व्हिनेगर!"

"पाण्याचा रंग गेला म्हणून बाईचं रक्त थांबत नसतं. तासातासाला फडकं भिजतं, आठवड्याच्या वर पाळी लांबते, चक्कर येते? तो आजार आहे. त्याला औषध आहे. लाजू नका, सोसू नका, या."

मागून एक बाई हळूच म्हणाली, "मला अकरा दिवस जातं."

"मलाही," दुसरी म्हणाली.

"उद्या आठला या," कालिना म्हणाली. "दोघीही."