नववं घर

मी नऊ घरांची फरशी बोलतेय, खाडीकाठच्या शाळेच्या अंगणात पडलेली. फरशी म्हटलं की तुम्ही मला पायाखालची समजणार. समजा बापडे! पण माझ्या पोटात तारा आहेत, दिवे आहेत आणि आठवण तर तुमच्यापेक्षा पक्की आहे.

मला आकांक्षाने बनवलं. इथलीच मुलगी, पुण्याला शिकून आलेली. शाळा सुटली की पोरं मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात, याचा तिला भारी राग. म्हणून तिने आम्हा दोघी बहिणींना घडवलं. मी खाडीच्या अलीकडे, ती पलीकडच्या शाळेत, दोघी मोबाइलच्या सिमने जोडलेल्या. इथे कुणी लंगडी घालत तिसऱ्या घरात उडी मारली की तिथलं तिसरं घर उजळायचं. तिथली उडी इथे दिसायची. नववं घर मात्र दोन्हीकडून एकाच वेळी पाय पडला तरच पेटायचं. मग खेळ संपायचा.

उद्घाटनाला गुणाजी आजोबांनी गाऱ्हाणं घातलं. नवी होडी असो की नवा पंखा, आमच्याकडे त्याशिवाय काही सुरूच होत नाही.

"बा देवा म्हाराजा, हेच्यार जो कोण पाय ठेवीत, तेचो खेळ अर्ध्यार ऱ्हवाक नको. तो पुरो करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मीही ते ऐकून ठेवलं.

गुणाजींची नात दिव्या माझ्यावर खेळायची आणि पलीकडे जान्हवी. दोघींची भेट एकदाच, जत्रेत झालेली. पण पावलं ओळखीची होती. जान्हवी पाचव्या घरात नेहमी दोनदा नाचायची आणि आठव्यापर्यंत आली की खोडी काढायला मागे फिरायची. दिव्या चिडायची आणि हसायचीही.

गेल्या श्रावणात जान्हवी अशीच आठव्या घरातून मागे फिरली. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. पलीकडच्यांनी माझ्या बहिणीला उखडून अडगळीत टाकलं, तिचं सिमसुद्धा काढलं.

तेराव्या दिवशी भर दुपारी बारा वाजता माझं पहिलं घर उजळलं. मग दुसरं. पाचवं दोनदा. खरं सांगते, मी घाबरले. तो उजेड माझा नव्हता.

दिव्या अनवाणी धावत आली आणि मग रोजच येऊ लागली. आठव्या घरापर्यंत जायची, मुद्दाम मागे फिरायची, पुन्हा एकपासून सुरू. तिचे तळवे सोलले, जेवण सुटलं, अंगात तापाची कसर राहू लागली. तिच्या आईने, शर्मिलाने, माझा प्लग उपटला. तरी दिवे लागतच राहिले.

एका दुपारी गुणाजी माझ्या कडेला येऊन बसले. पाचवं घर दोनदा उजळलेलं पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"दिव्या, खेळ पुरो कर गो. अर्ध्यार ऱ्हवाक नको म्हणान मीच मागितलंय."

"पुरो झालो तर ती जातली."

"व्हय, जातली. नायतर तुका घेवन जातली."

दिव्या आठव्या घरात कितीतरी वेळ एका पायावर उभी होती. गुणाजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, पोरींचो खेळ पुरो होताहा. तिका आता घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दिव्या रडत म्हणाली आणि तिने उडी मारली.

नववं घर पेटलं.

दिव्या आता बरी आहे, पण माझ्याकडे फिरकत नाही. आकांक्षाने मला उघडून बिघाड शोधला. सापडला नाही. मी वजनांची नोंद ठेवते. त्या दुपारी नवव्या घरात दोघींचं वजन पडलंय, हे वाचून तिने मला गुपचूप मिटलं.

तुम्ही मात्र या. माझ्यावर खेळा, मला माणसांची सवय आहे. फक्त एकदा सुरू केलात तर पुरा करून जा. अर्ध्यावर सोडलात, तर मला तुम्हाला बोलवावं लागेल. देवाशी तसं ठरलंय.