सहाच्या खाली नाही

मोठीला तीनच पिल्लं हवी होती. नवऱ्यानं जुन्या कपाटाला जाळी ठोकून जे खुराडं बनवलं होतं, त्यात तीन कोंबड्या ऐसपैस राहिल्या असत्या; चौथीला दारात झोपावं लागलं असतं.

"सहाच्या खाली देत नाही," पिल्लंवाला म्हणाला.

"अहो, सहाचे पैसे घ्या आणि तीन द्या."

"पैशाचं नाही हो ताई. एवढीशी पिल्लं एकमेकांच्या उबेनं जगतात. दोन-तीन नेली की गारठतात, ओरडून ओरडून मरतात. मग लोक येऊन मलाच शिव्या घालतात." त्यानं मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे 'सहाच्या खाली नाही' असं मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. "निम्मी वाटून घ्यायला कुणी बघा की. शेजारीण, बहीण, कुणीही."

बहीण! मोठीला कोंबड्या पाळायच्या होत्या त्या त्याच बहिणीमुळे.

आई गेल्यावर बाबा धाकटीकडे राहायला गेले होते. धाकटीच्या दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत बाबांची खाट, त्यांचा घड्याळं दुरुस्त करायचा जुना पेटारा आणि धाकटीची शिलकी भांडी एकत्र नांदत होती. मोठीच्या घरी मात्र एक अख्खी खोली रिकामी होती. तिचे पडदे मोठी नेमानं धुवायची, वाळवायची, परत लावायची. बाबांना 'या' असं ती कधी म्हणाली नव्हती. बोलवायला काय हवं? मोठ्या मुलीचं घर आहे, आपल्या पायांनी यावं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "त्यांना जिथे बरं वाटेल तिथे राहू देत," आणि घरी येऊन शिलाईमशीन अशी दामटायची की सुई तुटायची.

मग एकदा बाबा सहज बोलून गेले, की विकतच्या अंड्याला चव नसते, लहानपणी परसातल्या कोंबड्या होत्या त्यांची गोष्टच निराळी. धाकटीनं ते हसण्यावारी नेलं. मोठीनं मात्र मनात खूणगाठ बांधली. माझ्या परसात कोंबड्या असल्या की सकाळी उठून कुठे येतील बाबा? माझ्याकडेच!

आणि आता हा पिल्लंवाला सहाच्या खाली उतरायला तयार नाही. शेजारीण नको म्हणाली, समोरचीला मांजर होतं. शेवटी मोठीनं दात-ओठ खात धाकटीला विचारलं. "अय्या, घेऊ की!" धाकटी म्हणाली. तिला कशाचंच वावडं नव्हतं, हेच तर मोठीला सहन होत नसे.

दोघी मिळून गेल्या. "नर का मादी ते आत्ता सांगता येणार नाही," पिल्लंवाल्यानं आधीच सांगून टाकलं. "तुमचं नशीब."

"ताई, तू आधी निवड," धाकटी म्हणाली.

मोठीनं एकदाही नको म्हटलं नाही. दिव्याखालच्या त्या किलबिलाटातून तिनं तीन सगळ्यांत दांडगी, ताठ मानेची, दुसऱ्यांना तुडवत दाण्यापाशी जाणारी पिल्लं उचलली. धाकटीनं हाताला लागली ती तीन घेतली. मोठीनं स्वतःच्या पिल्लांच्या पायात लाल लोकर बांधली आणि धाकटीच्या पिल्लांच्या पायात निळी. शिवणकाम करणाऱ्या बाईला रंगांची काय कमी!

पण पिल्लंवाल्यानं बजावलं होतं, की पिसं भरेपर्यंत सहाही एकत्रच ठेवा. कुठे ठेवायची? दिवसभर लक्ष द्यायला माणूस हवं. मोठी मापं घ्यायला, कपडे पोचवायला सारखी बाहेर असायची. धाकटीही दवाखान्यात नोकरीला जायची, पण तिच्या घरी बाबा होते. म्हणजे झालं काय, तर मोठीनं बाबांना ओढण्यासाठी जी पिल्लं आणली, ती जाऊन बसली बाबांच्या खाटेखाली, धाकटीच्याच घरात. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

मोठी वाढत्या पायांचे धागे सैल करायला म्हणून तिथे जायची आणि बघायची. बाबा पिल्लांशी गप्पा मारत असायचे. एक निळ्या धाग्याचं तर त्यांच्या चपलेवर चढून बसायचं. निळ्याच धाग्याचं! एकदा बाबांनी त्याला तळहातावर घेऊन ज्या आवाजात ते मोठीला तिच्या लहानपणी हाक मारायचे, हुबेहूब त्याच आवाजात हाक मारली. मोठी तडक घरी गेली आणि पुढचा आठवडाभर फिरकली नाही. आपण एका पिल्लावर जळतोय, याची तिला लाज वाटली, पण जळणं काही कमी झालं नाही.

रुसवा आटोपून ती परत गेली तेव्हा पिल्लांना पिसं भरत आली होती आणि वाटणीचा दिवस ठरला होता. बाबा खाटेवर घोरत होते. मोठीनं धागे सैल करायला एकेक पिल्लू मांडीवर घेतलं आणि तिचा हात थबकला. तिच्या तिघांच्या डोक्यावर लालभडक तुरे आले होते, पाय जाडजूड झाले होते. तिन्ही कोंबडे! धाकटीच्या तीन मात्र गरीब चेहऱ्याच्या, फिकट तुऱ्याच्या, सरळसरळ माद्या. स्वतः निवडून, पारखून तिनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, आणि धाकटीला न बघता छप्पर फाडके मिळालं होतं. नेहमीसारखंच.

मोठीनं खाटेकडे पाहिलं. मग तिनं सहाही धागे सोडले आणि परत बांधताना लाल धाग्यांच्या जागी निळे बांधले, निळ्यांच्या जागी लाल.

दुसऱ्या दिवशी ती तीन लाल धाग्यांच्या माद्या खोक्यात घालून घेऊन गेली. बाबांनी खोक्यात वाकून पाहिलं, मग मोठीकडे पाहिलं आणि चष्मा पुसत बसले.

आणि सकाळी बाबा तिच्या दारात हजर! मोठीला काय करू नि काय नको झालं. परसात खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली, चहा आला. बाबा रोज येऊ लागले. तिकडे काही दिवसांनी धाकटीचा फोन आला. "अगं ताई, माझे तिन्ही कोंबडेच निघाले!" ती हसत होती. "शेजारी भांडायला आले. देऊन टाकले एका शेतावर." मोठीनं "अरेरे" म्हटलं, आणि फोन ठेवून गाणं गुणगुणली.

पहिलं अंडं मिळालं तेव्हा तिनं ते उकडून, सोलून, मीठ भुरभुरून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी त्याचे सुरीनं दोन भाग केले.

"अर्धं धाकटीसाठी बांधून दे."

"तिला कशाला?" मोठी फटकन बोलून गेली.

"तिच्या कोंबडीचं आहे म्हणून." बाबांनी पायाशी घुटमळणारी कोंबडी उचलली आणि तिचं किंचित वाकडं बोट दाखवलं. "तू रुसून आली नव्हतीस ना, तेव्हा हे मुडपलं होतं. मी पुठ्ठ्याची पट्टी बांधून सरळ केलं. धागा निळा होता."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून काही तांबडं फुटायचं राहत नाही. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू मला तोंड दाखवलं असतंस?"

"आणि धाकटीला... तिला माहीत आहे?"

"मी पट्टी बांधताना पाय तिनंच धरला होता."

म्हणजे यातही धाकटीच वरचढ निघाली होती. मोठीला राग आला, मग रडू आलं, आणि त्या रडण्यातच इतकी वर्षं न बोललेलं एकदाचं बाहेर पडलं. "बाबा, इथेच राहायला या ना. माझ्याकडे."

"हे तू आज म्हणालीस," बाबा म्हणाले. "धाकटीनं आई गेली त्याच दिवशी म्हटलं होतं. येईन. चार दिवस इथे, चार दिवस तिथे. पण तो पिल्लंवाला काय म्हणाला होता? मीही सुटा मिळत नाही बरं का. धाकटीसकट घ्यावं लागेल."

मोठीनं डोळे पुसले, अर्धं अंडं डब्यात ठेवलं आणि फोन लावला. पलीकडून "बोल ताई" आलं.

"अगं," मोठी म्हणाली, "तुझ्या कोंबड्या माझ्याकडे आहेत."

"माहितीय," धाकटी म्हणाली. "अंडी घालायला लागल्या का?"