विरलेलं अस्तर

“बाबा, हलू नका.”

“बरं,” म्हणत बाबांनी मान डोलावली आणि पडद्यावरचं चित्र पुन्हा विस्कटलं.

स्टुलावर बसलेली आई म्हणाली, “जन्मभर गिऱ्हाइकांना ताठ उभं केलंत. आता स्वतःचं माप द्यायची वेळ आली, तर चुळबुळ.”

शिवणकामात बाबांची हयात गेली होती. डाव्या डोळ्याने कधीच दगा दिला होता. आता उजव्यासमोरही मधोमध डाग आला होता आणि सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. कंपवाताने त्यांची मान थरथरे, त्यामुळे दवाखान्यातले फोटो दोनदा धूसर आले. आतले पापुद्रे दिसल्याशिवाय इंजेक्शनने गुण येईल का, हे डॉक्टरांना सांगता येईना.

लेकीच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच काम चाले. डोळ्यात मंद प्रकाश सोडायचा, एकदा आडवा फिरवायचा, एकदा उभा. परतलेल्या उजेडावरून आतले थर त्रिमितीत उभे करायचे आणि थरथरीने सरकलेले भाग जुळवायचे.

“म्हणजे कापडातला ताणा आणि बाणा,” बाबांनी सकाळीच ओळखलं होतं.

थरथर तिच्या प्रोग्रॅमला झेपत होती. होकार झेपत नव्हता.

“तू बोलूच नकोस,” आई म्हणाली. “तू काही म्हटलंस की ते हो म्हणणारच. आजवर तुला कधी नाही म्हणालेत?”

या वेळी लेकीने काही सांगितलंच नाही. नुसतं बटण दाबलं.

चित्र उमटलं. इतकं स्वच्छ चित्र या यंत्राने आजवर दिलं नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं; तेवढ्यात नजर मध्यभागी गेली. इंजेक्शनने ओसरेल अशी सूज नव्हती, पाणी नव्हतं. मधला थरच झिजून गेला होता.

“आलं?” बाबांनी विचारलं.

“छान आलं.”

ते पडद्याजवळ आले आणि डागाच्या कडेने बघायला मान तिरकी केली. “कुठे फाटलंय?”

“फाटलं नाही, बाबा. विरलंय. डॉक्टर सांगतीलच, पण इंजेक्शनने…”

“विरलेल्यावर टाका घालू नये. आणखी उसवतं.” आईने चष्मा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. “आडवं-उभं तू जोडलंस ना? जोड कुठेय?”

तिने त्यांचं बोट धरून पडद्याच्या काचेवर जोडापाशी टेकवलं. थरथरतं बोट त्या जागेवरून हळूहळू पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

“सापडत नाही,” ते समाधानाने म्हणाले.